मशिदीसमोरचा रस्ता

वस्तीतील मशिदीचा दिनक्रम सूर्याच्या गतीने ठरतो. फजर, जोहर, असर, मगरीब आणि इशा या पाच नमाजांच्या वेळा ऋतुमानाप्रमाणे मागेपुढे सरकतात, आणि त्या वेळा साधून खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्या समूहाला, म्हणजे जमातीला, एकमेकांची खबरबातही तेथेच कळते. निकाह कोणाच्या घरी आहे आणि जनाजा, म्हणजे अंत्ययात्रा, कोणत्या दारातून निघणार आहे, हे गल्लीला बहुधा मशिदीतूनच समजते. वक्फ म्हणून धर्मकार्यास कायमची अर्पण केलेली मिळकत सांभाळणारा मुतवल्ली हा या व्यवस्थेचा कारभारी असतो. मात्र मशिदीचा दरवाजा उघडतो तो सार्वजनिक रस्त्यावर, आणि त्या रस्त्यावर जमातीबाहेरच्यांचाही तितकाच हक्क असल्यामुळे शेजाराची खरी कसोटी उंबरठ्याबाहेर लागते.

खानदेशात ही कसोटी कशी लागली, हे पांझराकाठच्या धुळ्यात पाहता येते. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्यास प्रांताचे मुख्य ठाणे केले आणि नवी पेठ वसवली; तिच्या आधीची वस्ती ‘जुने धुळे’ म्हणून ओळखली जाते. 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली, त्याच सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप येऊ लागले, आणि मशिदीसमोरून वाजंत्री वाजवत जावे की नाही हा प्रश्न गावोगावी पेटला. 1895 मध्ये धुळ्यात याच कारणाने दंगल उसळली, गोळीबार झाला आणि रक्त सांडले. तेव्हापासून ज्याच्या मिरवणुकीवरून हे घडले तो जुन्या धुळ्यातील गणपती ‘खुनी गणपती’ आणि जिच्यासमोर घडले ती मशीद ‘खुनी मशीद’ म्हणून ओळखली जाते.

अशा तंट्यांचे एक मूळ राज्यकारभाराच्या रीतीतही होते. धार्मिक बाबतीत तटस्थ राहू पाहणारे इंग्रज अधिकारी निवाडा करताना बहुधा प्रघात, म्हणजे पूर्वापार चालत आलेली वहिवाट, प्रमाण मानीत. त्यामुळे मागील वर्षी वाद्ये वाजली होती की थांबली होती, हाच पुढील वर्षीच्या हक्काचा पुरावा ठरे, आणि एकदा दाखवलेला समजूतदारपणा उद्या आपल्याच विरुद्ध दाखला म्हणून पुढे येईल या भीतीने कोणताही पक्ष पाऊल मागे घेण्यास धजत नसे.

धुळ्याने पुढे जी रीत जोपासली तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर उमगते. अनंत चतुर्दशीला पालखीतून निघणारा हा गणपती मशिदीसमोर येतो, तेव्हा मुस्लिम समाजाकडून फुलांनी त्याचे स्वागत होते, आणि मग पालखी विसर्जनासाठी पुढे जाते. येथेही प्रघातच आहे, परंतु जपला जातो तो अडवण्याचा किंवा रेटण्याचा हक्क नव्हे, तर थांबण्याचा आणि सामोरे येण्याचा शिष्टाचार. ज्या वहिवाटीच्या हट्टाने भांडण चिघळत असे, तिलाच येथे सलोख्याच्या कामी लावलेले आहे. ‘खुनी’ हे विशेषण लोकांनी टाकून दिलेले नाही, यातही व्यवहारज्ञान आहे; काय गमावले होते याचा विसर पडला, तर या रीतीचे कारणच नाहीसे होईल आणि मागे केवळ सोपस्कार उरेल.

तथापि एका रस्त्यावरील रीतीने सारे शहर सुरक्षित होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. 2008 च्या ऑक्टोबरात धुळ्यात दंगल झाली, आणि जानेवारी 2013 मधील दंगलीत पोलिसांच्या गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. या घटनांमुळे जुन्या धुळ्यातील परंपरा खोटी ठरत नाही, पण तिची मर्यादा मात्र स्पष्ट होते. ती त्या मशिदीची जमात आणि त्या पालखीचे मानकरी यांच्यातील, समोरासमोरच्या ओळखीवर उभी असलेली समजूत आहे, आणि जेथे अशी ओळख घडलेली नाही तेथे तिचा दाखला देऊन काम भागत नाही. सलोखा वारशाने मिळतो ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. वारशाने मिळते ती फार तर एक रीत. ती पाळणारी माणसे प्रत्येक पिढीला नव्याने तयार करावी लागतात, आणि वस्तीतील मशीद व गणेशोत्सव मंडळ या दोन्ही संस्थांचे सामाजिक मोल त्या घडणीतील त्यांच्या वाट्यावरूनच ठरते.