अननसाच्या नक्षीचा टेबलक्लॉथ



यंदा दशलक्षण पर्वाआधी घर आवरताना मोठ्या कपाटाचा खालचा कप्पा उघडला. चाळीस वर्षांचं माझं शिवण-टिपण त्यात होतं. साखळी टाका आणि गहू टाका शिकले तो पहिला रुमाल, मॅटीवर क्रॉस स्टिचने भरलेला मोर, मुलांची झबली-टोपडी, आणि अगदी तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत क्रोशाचा टेबलक्लॉथ.

१९८१ साली बी.कॉम. झाले आणि त्याच वर्षी लग्न झालं. हिशेबाची वही घरखर्चापुरती उरली आणि हातात सुई आली. तेव्हा नक्षी छापायची म्हणजे ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून वरून बोळा फिरवायचा. घरभर वास सुटायचा. सासूबाई नाक मुरडायच्या, पण नक्षी उमटली की बघायला पहिल्या त्याच यायच्या. भरतकामाच्या लड्यांना आपण सगळ्याजणी 'रेशीम'च म्हणतो. ते ऐकून एकदा त्या दचकल्या. "अगं, किडे उकळून काढलेलं घरात कशाला आणलंस?" मी लडीवरचा कागद वाचून दाखवला, सुती धागा आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचाच ब्लाउजपीस भरायला आणून दिला.

टेबलक्लॉथ मात्र मी स्वतःच्या हौसेने विणला होता. पांढरा बारीक दोरा, अननसाची नक्षी. दुपारची निजानीज झाली की विणायचे. पूर्ण व्हायला दोन वर्षं लागली. १९९९ मध्ये मोठ्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. त्या म्हणाल्या, "रुखवतात मांडायला दे गं. दोन दिवसांत परत करते." मी म्हटलं, "नको ताई, डाग पडेल." त्या पुढे काही बोलल्या नाहीत. त्यानंतर आमचं बोलणं सणावाराच्या निरोपापुरतं उरलं.

या वेळी पिशवी उघडली तर टेबलक्लॉथ पिवळा पडलेला. घड्यांवर दोरा तुटलेला. ठेवताना मी कडक स्टार्च केला होता, त्या खळीला कसर लागली होती. डाग पडू नये म्हणून मी माणूस दुखावलं, आणि कापड काही टिकलं नाही.

त्याच सुमाराला सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची दुपटी शिवली होती. ती घरातल्या चार बाळांनी वापरली. रोज धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झाली आणि शेवटी पुसायची फडकी झाली. आज त्यातलं एकही शिल्लक नाही आणि त्याचं मला काहीच वाईट वाटत नाही.

कॉलेजात घसारा शिकलो होतो. यंत्र चालवा किंवा झाकून ठेवा, वर्षागणिक त्याची किंमत कमी होते. परीक्षेत मार्क मिळाले, पण कपाटातल्या वस्तूलाही तोच नियम लागतो हे समजायला साठी उलटावी लागली. पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी प्रवचनाला बसले होते, पण मनात तो टेबलक्लॉथच होता. 'माझं' म्हणून किती वर्षं धरून ठेवला होता मी!

क्षमावाणीला दरवर्षी ताईंना फोन करते, ठरलेलं वाक्य बोलते आणि ठेवते. यंदा म्हटलं, "ताई, रुखवताच्या वेळी चुकलं माझं." पलीकडे जरा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "तुला आठवतंय होय? मला वाटलं, विसरलीस." आणि थोड्या वेळाने, "धाकट्याच्या घरी पाळणा हलणार आहे. दुपटं शिवून दे बाई, जुन्या साडीचं."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. सुईत दोरा आता नात ओवून देते, पण टाका अजून सरळ पडतो.

तुमच्याही कपाटात असं काही असेल तर स्टार्च धुऊन काढूनच ठेवा. खळीवर कसर येते आणि मग डांबराच्या गोळ्या घालून जीव मारायची वेळ येते. प्लास्टिकऐवजी मलमलीत गुंडाळा, मध्येच कडुलिंबाचा वाळला पाला घाला, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. आणि कुणी मागितलं, तर देऊन टाका.