आगाखान पॅलेसमध्ये

पुण्यात नगर रस्त्यावर दाट झाडीत आगाखान पॅलेस ही भव्य वास्तू उभी आहे. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सुलतान महंमद शाह आगाखान यांनी १८९२ साली ती बांधून घेतली. भुकेलेल्यांना भाकरी मिळावी म्हणून बांधलेला हा महाल पुढे तुरुंग झाला. आता तेथे संग्रहालय आहे. मागच्या हिवाळ्यात मी आठवीच्या मुलींना ते दाखवायला नेले होते.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव मंजूर झाला. ‘क्विट इंडिया’ ही घोषणा मुंबईचे महापौर युसुफ मेहेरअली यांनी सुचवली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींना अटक झाली व त्यांना या महालात ठेवले. कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांनाही येथेच कैदेत ठेवले होते. नेते तुरुंगात गेले, पण लोक थांबले नाहीत. सातारा भागात तर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी स्वतःचे ‘प्रतिसरकार’ चालवले.

दालनांतील छायाचित्रे पाहून आम्ही बागेत आलो. तेथे दोन समाध्या आहेत. महादेवभाई कैदेच्या सातव्याच दिवशी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी वारले. कस्तुरबांनीही २२ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच प्राण सोडला. मुली गप्प उभ्या होत्या. थोड्या वेळाने एकीने हळूच विचारले, “टीचर, तेव्हा आपल्यापैकी कोणी तुरुंगात होतं का?”

तो प्रश्न माझ्या मनाला लागला. मी म्हणाले, “बेटा, त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्षच मौलाना आझाद होते.”

मग मी त्यांना सांगितले, की मौलाना अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रे त्यांनी तेथेच लिहिली. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्या आजारी असतानाही मौलानांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. अखेरची भेट झालीच नाही. गांधीजी निदान कस्तुरबांच्या उशाशी होते. मौलानांना तेवढेही लाभले नाही.

त्या मुलीने नंतर शाळेच्या वाचनालयातून ‘गुबार-ए-खातिर’ मागून नेले. मी म्हणाले, “उर्दू कठीण आहे, हळूहळू वाच. आणि बागेतल्या त्या दोन समाध्यांवर मराठीत दहा ओळी लिहून आण. तीही आपलीच माणसं.”