सेवाग्रामच्या शाळेत एक दिवस

डिसेंबरात एक किरकोळ रजा टाकली आणि सकाळच्या गाडीने सेवाग्रामला गेले. स्टाफरूममध्ये कारण सांगितले तेव्हा एका सहकाऱ्यांनी विचारले, "नई तालीम? म्हणजे कुस्तीची का?" सगळे हसले. मराठीत तालीम म्हटले की आखाडाच आठवतो. आपल्या घरात मात्र हा शब्द रोज कानावर पडतो. "तालीम पूरी करो" हे वाक्य ऐकल्याशिवाय माझे लहानपण गेले नाही.

मी कामठीची. आमच्या मोहल्ल्यात एकेकाळी घरोघरी हातमाग होते. दादा मागावर बसत, दादी आणि मी चरख्यावर कांड्या भरत असू. धोटा इकडून तिकडे पळायचा, त्याचा आवाज थांबला की दादी ओरडायची, "कांडी खलास हुई क्या?" अब्बांनी मात्र मला मागापासून दूर ठेवायचे ठरवले होते. कलम धर, म्हणायचे. मी कलम धरली. डी. एड. केले, नोकरीत असताना बी. एड. केले, उर्दू शाळेत शिक्षिका झाले. कांड्या भरायचे मी कुणाला सांगत नसे. वर्गात विणकरांचीच मुले असूनही.

सेवाग्रामची 'आनंद निकेतन' शाळा नई तालीम समिती चालवते. मूळ शाळा गांधीजींच्या काळातली. मध्ये बरीच वर्षे बंद होती, २००५ पासून पुन्हा सुरू झाली. शाळा लहान, माध्यम मराठी, मुले आसपासच्या गावांतली. शेती, स्वयंपाक, कताई, शिवण, सफाई या कामांतून तिथे गणित, विज्ञान, भाषा शिकवतात. हे पुस्तकात वाचले होते. बी. एड.च्या परीक्षेत 'प्रकल्प पद्धती' या प्रश्नाला मला चांगले गुण पडले होते. पण प्रकल्प चालू असलेली शाळा पाहिली नव्हती. आमच्याकडे प्रकल्प म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातून आणलेली चित्रे. कापा, चिकटवा, खाली नाव लिहा. २०१० पासून आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाचा रकाना आहे, तो भरायचा असतो. आम्ही भरतो.

मी पोचले तेव्हा मुले मेथीच्या वाफ्यापाशी होती. वाफा तीन मीटर लांब, एक मीटर रुंद. जुड्या निघाल्या चौदा. दहा रुपयांनी विकल्या तर एकशे चाळीस. बियाण्याचे आणि खताचे पन्नास वजा केले, नव्वद उरले. मला वाटले, झाले उदाहरण. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "आणि आपली मजुरी?" कोण किती दिवस पाणी घालत होते, निंदण किती वेळ चालले, याची मोजणी सुरू झाली. मजुरी धरली तर वाफा तोट्यात गेला. एक मुलगा चिडून म्हणाला, "मग माझे बाबा तर दरवर्षी तोट्यातच आहेत." कुणी बोलले नाही. ताईही बोलल्या नाहीत, वहीत लिहा एवढेच म्हणाल्या. माझ्या वर्गात असे झाले असते तर मी घाईने पुढचे गणित घेतले असते.

दुपारी कताई होती. टकळीवर सूत काढणारी मुले पेळू हातात धरून बसली होती. माझ्याही हातात टकळी दिली. चार वेळा धागा तुटला. शेजारचा पोरगा म्हणाला, "ताई, ओढू नका, सोडा." मग त्यांनी सुताचा नंबर काढायची रीत दाखवली आणि मला एकदम दादा आठवले. गिरणीच्या सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. आकडा जितका मोठा तितके सूत बारीक. दादा चिमटीत धागा चोळून सांगायचे, हे वीसचे, हे चाळीसचे. त्यांना अंगठ्यापलीकडे सही येत नव्हती. व्यस्त प्रमाण हा धडा मी कित्येक वर्षे शिकवते आहे, 'माणसे वाढली की दिवस कमी' असे उदाहरण देऊन. विणकरांच्या मुलांना सुताचे उदाहरण द्यावे, हे मला एकदाही सुचले नाही.

या शिक्षणाचा पहिला आराखडा कुणी केला हे आपल्या वाचकांना सांगायला हवे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, त्या वेळचे जामिया मिल्लियाचे कुलगुरू, पुढे राष्ट्रपती. मी मुलांना 'अब्बू खाँ की बकरी' ही त्यांची गोष्ट दरवर्षी सांगते. लांडग्याशी पहाटेपर्यंत लढणारी चाँदनी मुलांना तोंडपाठ आहे. तिचा लेखक वर्ध्याला येऊन शाळांचा आराखडा करून गेला, हे मला बी. एड.च्या पुस्तकातल्या एका ओळीपुरते माहीत होते. आपल्याकडे ती योजना फारशी रुजली नाही. मुस्लिम लीगने तिला विरोध केला. त्याच वेळी आमच्या मध्य प्रांतात 'विद्यामंदिर' नावाची सरकारी योजना आली, तिच्या नावावरून वाद पेटला आणि लोकांच्या मनात दोन्ही एक झाल्या.

आणखी एक कारण मला माझ्याच घरात दिसते. ज्यांचे हात पिढ्यान्‌पिढ्या कामात पिचले, त्यांना मुलाच्या हातात पुन्हा टकळी कशाला, असे वाटणारच. अब्बांना तेच वाटले. मी त्यांना चूक म्हणणार नाही. समितीने स्वतःच बजावले होते की उत्पन्नावर भर दिला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घ्यायला बघतील. त्या मुलीचा मजुरीचा प्रश्न ऐकला तेव्हा ही भीती माझ्यापुरती थोडी कमी झाली. जी मुले मजुरी मोजायला शिकतात, त्यांना फुकट राबवणे सोपे नाही.

निघताना मुलांनी आपापली नावे उर्दूत लिहून मागितली. उजवीकडून लिहिताना पाहून एक छोटी म्हणाली, "तुमची वही मागून सुरू होते?" मी चाळीसेक नावे लिहिली. गाडी चुकता चुकता राहिली.

माझ्या वर्गात बासष्ट मुले आहेत, शेत नाही, आणि ऑनलाइन माहिती भरण्यात आठवड्याचा एक दिवस जातो. सेवाग्राम उचलून कामठीत आणता येणार नाही. पण परतीच्या गाडीत मला सातवीतला एक मुलगा सारखा आठवत राहिला. सकाळी मामाच्या गॅरेजात काम करून यायचा, हात ऑइलने काळे. वहीवर डाग पडतात म्हणून मी त्याला दोनदा नळावर पाठवले, तिसऱ्यांदा वर्गाबाहेर उभे केले. मापनाच्या पेपरात त्याला भोपळा मिळाला होता, तोही मी सर्वांसमोर वाचला. ऑक्टोबरपासून तो येत नव्हता. घरी निरोप पाठवला, हजेरीपटावर लाल खूण केली, काम संपले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गॅरेजात गेले. तो मोटारसायकलखाली बसला होता. मला पाहून उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. काय बोलावे सुचेना. जमिनीवरचा एक पाना उचलून विचारले, "यावर हे दहा-अकरा काय लिहिलंय?"

"नट का नाप है टीचर. मिलीमीटर."

"आणि अर्ध्या इंचाचा नट आला तर कोणता पाना लागेल?"

"तेरा का चलता है," तो लगेच म्हणाला, "थोडा ढीला रहता है."

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलीमीटर. मी मनात हिशेब करेपर्यंत त्याचे उत्तर आले होते. मापनाचा धडा पुढच्या आठवड्यात पुन्हा घेणार आहे, तुझे पाने घेऊन ये, असे त्याला सांगितले. मामा म्हणाले, सोमवारी पाठवतो.

त्या सोमवारी तो आला नाही. पुढच्या सोमवारी पाने आले, फडक्यात गुंडाळून, त्याच्या धाकट्या बहिणीच्या हाती. मी पुन्हा गॅरेजात जाऊन आले आहे.