नळ आहे, पाणी कुठंय?

मतदार यादीत माझं नाव सासरच्या गावी आलं आणि मी आपोआप ग्रामसभेची सदस्य झाले. मला मात्र याचा पत्ता नव्हता. 1 मेचं झेंडावंदन आटोपून घरी निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "कुठं चाललीस? सभा आहे ना."

सभा झालीच नाही. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत, म्हणून सभा तहकूब. पुढच्या आठवड्यात तीच सभा त्याहून कमी माणसांत रीतसर सुरू झाली! तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते म्हणे. पुरेशी माणसं नाहीत म्हणून थांबवलेली सभा आणखी कमी माणसांत कशी चालते, हे मला अजून उमगलेलं नाही. सासूबाईंना त्यात काहीच नवल वाटलं नाही. "म्हणून तर दुसऱ्या सभेला चुकायचं नाही," त्या म्हणाल्या.

मारुतीच्या देवळात सतरंज्या अंथरलेल्या. खुर्चीवर सरपंचबाई, शेजारी भाऊसाहेब. (ग्रामसेवकाचं पद 2024मध्ये 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं, पण गावात भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) मागच्या सभेचं इतिवृत्त त्यांनी इतक्या वेगात वाचलं की मला फक्त शेवटचं "कायम?" ऐकू आलं. चार-दोन जण "कायम" म्हणाले आणि ते झालं.

मग पैशांचा विषय. आमच्या आळीतल्या एका काकांना रस्ता काँक्रीटचा हवा होता. भाऊसाहेब म्हणाले, "बंधितमधून होत नाही." पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला 60 टक्के हिस्सा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेपुरताच, रस्ता बसवायचा तर उरलेल्या अबंधितात. त्यात आधीच अंगणवाडीची दुरुस्ती. काका खाली बसले, पण पुटपुटत राहिले.

खरी सभा त्यानंतर पेटली. गाव 'हर घर जल' झाल्याचा ठराव वाचायला घेतला. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी अपेक्षित आहे. तसं ते पोचलंय, हे प्रमाणित करायला ग्रामसभेचाच ठराव लागतो. टेकाडावरच्या वस्तीतल्या एक आजी उठल्या. "नळ आहे. पाणी कुठंय?"

एकदम सगळेच बोलायला लागले. कुणी मोटरीला दोष देत होतं, कुणी ठेकेदाराला. खालच्या आळीतले नळाला पंप लावतात, असंही कुणीतरी ओरडलं. सरपंचबाईंऐवजी त्यांचे यजमान उत्तर द्यायला लागले, तेव्हा मागून बायकांचा आवाज आला, "बाईंना बोलू द्या." मला वाटलं, आता सभा मोडणार. पण आजी मात्र एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "भाऊसाहेब, लिहून घ्या." एवढ्या गलक्यात बाकीचे बोलण्यासाठी भांडत होते, लेखणीवर नजर फक्त त्यांची होती.

शेवटी सरपंचबाई स्वतःच म्हणाल्या, "लिहा." टेकाडावर पाणी चढेपर्यंत गाव प्रमाणित करायचं नाही, असा ठराव झाला. सूचक त्या आजी. "अनुमोदक कोण?" भाऊसाहेबांनी विचारलं, आणि सासूबाईंनी मला न विचारताच माझं नाव सांगितलं.