आकड्याचे भालदार-चोपदार

इंग्रजीत आकडा एकटा फारसा चालत नाही. दरबारात महाराज येण्याआधी ललकारी व्हावी तसे दोन-तीन शब्द आधी येऊन वर्दी देतात आणि मग आकडेसाहेब अवतरतात. सभेला तीनशे माणसं आली, एवढीच खरं तर बातमी. पण बातमीदाराने 'ॲज मेनी ॲज थ्री हंड्रेड' लिहिलं की सभा गाजली. 'नो मोर दॅन थ्री हंड्रेड' लिहिलं की पडली. 'नो फ्युअर दॅन थ्री हंड्रेड' लिहिलं की खुद्द बातमीदाराच्याच भुवया वर गेलेल्या. माणसं तीच, मांडव तोच, सतरंज्याही त्याच. बदललं ते फक्त सांगणाऱ्याचं मत, आणि ते त्याने 'मला वाटतं' असं एकदाही न म्हणता वाचकाच्या गळी उतरवलं.

आपण या बाबतीत साधेभोळे आहोत असं समजायचं कारण नाही. 'तब्बल तीनशे', 'अवघे तीनशे', 'जेमतेम तीनशे', 'मोजून तीनशे', 'उणेपुरे तीनशे': प्रत्येकाचा चेहरा वेगळा. 'तब्बल' या शब्दावर उद्या बंदी आली तर मराठी वर्तमानपत्रांची पंचाईत होईल. फरक इतकाच, की आपलं एका शब्दात भागतं आणि इंग्रजी त्यासाठी तुलनेची अख्खी चौकट उभी करते. इकडे एक 'ॲज', तिकडे एक 'ॲज' आणि मधे 'मेनी', 'मच', 'लाँग', 'लिटल' यांपैकी कोणीतरी.

खरी गंमत या मधल्या शब्दाची आहे. अमका मुलगा 'ॲज टॉल ॲज' त्याची बहीण, असं म्हटलं तर दोघं उंच असतीलच असं नाही. दोघंही चार-चार फुटांची असू शकतात. इथे 'टॉल' म्हणजे नुसतं माप. पण त्याच जागी 'शॉर्ट' घातला की दोघंही बुटकी ठरली म्हणून समजा. मोठेपणाचा शब्द निमूटपणे माप होऊन बसतो, लहानपणाचा शब्द मात्र शेरा मारल्याशिवाय राहत नाही. मराठीतही असंच आहे. आपण पाळण्यातल्या बाळाची 'उंची' विचारतो, बुटकेपणा नाही. बोळाचीही 'रुंदी'च मोजतो.

आता त्याच चौकटीच्या शेवटी माणसाऐवजी आकडा बसवा. इतका वेळ गप्प असलेला 'मेनी' लगेच फुशारतो. 'ॲज मेनी ॲज थ्री हंड्रेड' म्हणजे नुसतं 'तीनशेइतके' नव्हे, तर 'तीनशे, आणि हे पुष्कळच झाले, बरं का!' शिवाय त्यात एक पळवाटही ठेवलेली असते. 'एवढ्यापर्यंत असतील' असाही अर्थ त्यातून निघतो. उद्या माणसं दोनशेच निघाली तरी बातमी खोटी ठरत नाही. अपघाताच्या पहिल्या बातम्यांत ही चौकट इतकी आवडती का, हे वेगळं सांगायला नको.

वेळेच्या बाबतीत तर इंग्रजी अधिकच रंगात येते. दातांच्या डॉक्टरकडे ताटकळून आलेला इंग्रज सांगतो, 'द बेस्ट पार्ट ऑफ ॲन अवर' गेला. तासातला सर्वांत चांगला भाग! अमेरिकन माणूस तिथे 'बेटर पार्ट' म्हणतो. दोघांनाही म्हणायचं असतं, तासातला बहुतेक वेळ. दाढ ठणकत होती, समोर जुनी मासिकं पडली होती, आणि तरी तो वेळ 'बेस्ट'! हसू येतं खरं, पण हसता हसता आपली जीभ चावावी लागते. कारण आपणही 'चांगला दीड तास ताटकळत ठेवलं' असंच कुरकुरतो. आणि 'बराच वेळ लागला' म्हणताना त्या 'बराच'मध्ये चांगल्या अर्थाचा 'बरा' बसलेला असतो, हे आपल्या ध्यानीमनीही नसतं. जे भरपूर ते चांगलं, ही समजूत दोन्ही भाषांच्या हाडीमाशी खिळलेली आहे.

घड्याळं घरोघरी नव्हती तेव्हा तर वेळ मोजायची म्हणजे तुलनाच करायची. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये 'पॅटरनॉस्टर वाइल' असा काळ असे: ख्रिस्ताने शिकवलेली प्रार्थना एकदा म्हणून व्हायला लागेल तितका वेळ. आपल्या स्वयंपाकघरात हे काम आज कुकरच्या शिट्ट्या करतात. डाळ किती मिनिटं शिजवायची हे कोणी सांगत नाही; 'तीन शिट्ट्या होऊ दे' म्हटलं की समजतं. पुढे तीच इंग्रजी 'ॲज लाँग ॲज' म्हणता म्हणता मुदतीवरून अटीवर घसरली. जिवात जीव असेपर्यंत, इथून सुरुवात करून तोच शब्दप्रयोग भाडं वेळेवर देत असाल तर, इथपर्यंत आला. आपल्या 'जोवर-तोवर'नेही हाच प्रवास केला आहे.

इंग्लंडच्या कायद्याने मात्र एकदा या सैल मोजमापाला खुंटी मारली. 'आठवत नाही इतक्या काळापासून' चालत आलेला हक्क म्हणजे नेमका कधीपासूनचा? 1275 च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने सीमा ठरवली 1189, म्हणजे पहिला रिचर्ड गादीवर आला ते साल. त्याआधीचं ते स्मरणापलीकडचं. गावकऱ्यांच्या आठवणीला अशी तारीख लागली आणि वर्षं सरत गेली तसा तो काळ सिद्ध करणं कठीणच होत गेलं. आपल्याकडे बांधावरून भांडणारा शेतकरी 'पूर्वापार वहिवाट आहे' म्हणतो, तेव्हा तोही मोजत नसतो, फक्त लांबवर बोट दाखवत असतो. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने त्या 'पूर्वापार'ची वीस वर्षं करून टाकली. सरकारी जमीन असेल तर आता तीस.

क्षेत्रफळाची गोष्टही तशीच. ब्रिटिश वर्तमानपत्रांना जंगल किती तुटलं, हिमनग केवढा सुटला हे सांगायचं असलं की हमखास वेल्स आठवतो: 'ॲन एरिया द साइझ ऑफ वेल्स'. वेल्स म्हणजे साधारण 20,779 चौरस किलोमीटर, महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याहूनही मोठा. याची इतकी थट्टा झाली, की वेल्समधल्या लोकांनी 2010 मध्ये 'साइझ ऑफ वेल्स' याच नावाची संस्था काढली आणि वेल्सएवढं वर्षावन वाचवायचं ठरवलं. दुसऱ्याची मोजपट्टी होऊन बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण हे सगळे शब्दप्रयोग खरे कमावते होतात ते बाजारात. ब्रिटनमधल्या दुकानांत मोजक्याच वस्तू घेणाऱ्यांसाठी वेगळा काउंटर असतो आणि त्यावर पाटी असे, 'टेन आयटम्स ऑर लेस'. मोजता येणाऱ्या वस्तूंना 'लेस' नव्हे, 'फ्युअर' लावावं, अशी पसंती रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थाने 1770 मध्ये पुस्तकात नोंदवली होती. तिचा पुढे नियम झाला आणि लोक पाटीपुढे उभे राहून वाद घालू लागले. 2008 मध्ये टेस्को या दुकानसाखळीने नामी तोड काढली: 'अप टू टेन आयटम्स'. 'लेस'ही नको, 'फ्युअर'ही नको.

काउंटरवर हे 'अप टू' सज्जन ठरलं, जाहिरातीत मात्र त्याने वेगळे गुण उधळले. ब्रिटनमध्ये इंटरनेट कंपन्या 'अप टू' अमुक वेग अशी जाहिरात करत. तो वेग दहा टक्के ग्राहकांना मिळत असला, तरी ते नियमात बसत असे. उरलेले नव्वद टक्के त्या 'अप टू'च्या खालच्या बाजूला कुठेतरी. ग्राहकांनी कुरकुर केली, आणि 23 मे 2018 पासून जाहिरातींच्या नियामकांनी नियम बदलला. आता रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निम्म्या तरी ग्राहकांना मिळेल तोच वेग सांगायचा आणि त्याला 'ॲव्हरेज' म्हणायचं. जाहिरातीतले दोन बारके शब्द गेले आणि मोठमोठे आकडे खाली आले.

आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर दुकानांवर सत्तर टक्क्यांचा आकडा झळकतो आणि 'अप टू' कोपऱ्यात बारीक अक्षरात लपलेलं असतं. विम्याचा हप्ता 'ॲज लिटल ॲज', कर्जाचा निकाल 'इन ॲज लिटल ॲज' अमुक मिनिटांत, हे सगळं आता मराठी जाहिरातींतही 'फक्त', 'अवघ्या' आणि 'पर्यंत' होऊन आलं आहे. तेव्हा आकडा दिसला की आधी त्याच्या मागचा-पुढचा शब्द बोटाने झाका आणि नुसता आकडा वाचा. मग बोट काढा आणि तो शब्द तिथे कोणी, कशासाठी बसवला ते दुकानदाराला विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर पैसे खिशातच राहू द्या.