पहिला लेथ

तीस वर्षे वर्गात शब्द घडविल्यावर, पन्नाशीनंतर आम्हांस लोखंड कातण्याची हौस उत्पन्न झाली. लोखंड कोणाची पदवी पाहत नाही, हेच या हौसेचे खरे आकर्षण. परंतु गाठीचा पैसा मोजका, आणि तोही मुलीच्या शिक्षणाच्या शेजारी ठेवलेला. तेव्हा निवड विचाराने करणे प्राप्त झाले.

नवा चिमुकला लेथ घरगुती सिंगल फेज विजेवर चालतो. पण त्याचा हलका बेड खोल काप घेताना थरथरतो. हरिहरास १९४१ साली निघालेल्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्याचे जुने लेथ वजनदार, म्हणूनच स्थिर. मात्र त्यांची मोटर बहुधा थ्री फेज, आणि देशावरून रत्नागिरीस आणावयाचे तर ते ओझे घेऊन घाट उतरणे आले.

जुन्या यंत्राच्या रंगावर भुलू नये. बेड चकाजवळ सर्वांत अधिक झिजतो. तेथे कॅरेज बेताची घट्ट करून टेलस्टॉककडे सरकवावी. अडली तर झीज निश्चित समजावी. कोल्हापुरास पाहिलेला एक लेथ या परीक्षेत अर्ध्यावरच अडला. किंमत मोहक होती. तरी आम्ही हात आवरला.

शेवटी लहान नवाच घेतला. रकमेचा तिसरा हिस्सा टूल, मायक्रोमीटर व ड्रिलचक यांसाठी राखला. त्यांवाचून लेथ म्हणजे तारांवाचून सतार. काप पातळ घेतो, वेळ अधिक लावतो. येथील खाऱ्या वाऱ्यात गंज लवकर धरतो; म्हणून रोज सायंकाळी बेडास तेल लावणे हा आमच्या घरी दिवाबत्तीइतकाच नेम झाला आहे.