क्रूझ कोणती घ्यायची?

क्रूझच्या जाहिरातीतली मुलं नेहमी सहा वर्षांचीच का असतात? आमच्या घरातली ‘मुलं’ म्हणजे मी, वय 20, आणि धाकटा, वय 15!

2025 च्या सुरुवातीला घरात दोन पार्ट्या पडल्या. धाकट्याला हवं होतं सिंगापूरहून सुटणारं रॉयल कॅरिबियनचं ‘अँथम ऑफ द सीज’. 2015 चं, ग्रॉस टनेज 1,68,000 च्या वर, कृत्रिम लाटेवर सर्फिंगची सोय, शिवाय 17 वर्षांपर्यंतच्या पोरांचा वेगळा क्लब. म्हणजे मी बाद! बाबांचं मत कॉर्डेलियाच्या मुंबई-गोवा फेरीला. तिचं ‘एम्प्रेस’ 1990 चं, पूर्वी रॉयल कॅरिबियनचंच, पण आकाराने अँथमच्या एक तृतीयांशही नाही. मात्र पासपोर्ट-व्हिसाची भानगड नाही. आणि आपल्या परीक्षा ऐनवेळी पुढे गेल्या तर विमानाची तिकिटं तरी बुडणार नाहीत. (होस्टेलवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.)

आईचा प्रश्न एकच, “रात्री जेवायला चौघं एका टेबलावर बसणार ना?” पुढच्या वर्षी मी नोकरीसाठी कुठल्या गावात असेन, देव जाणे. दिवसभर पोरं कुठेही भटकोत, जहाज सोडून जातील कुठे, हा तिचा हिशेब.

एम्प्रेस ठरलं. धाकटा दोन दिवस बोलला नाही. केबिनमधला वरचा बर्थ त्याला कबूल केला, तेव्हा कुठे जेवायला आला.